उर्वशी परसात लावायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी उलटला की आमच्या गडग्यापाशी माणसं थांबायला लागतात. रस्त्यावरून जाताना पोफळींच्या मधून काहीतरी लाल लटकताना दिसतं आणि मोटारसायकल हळू होते. मग फाटकातून हाक येते, "काका, हे कसलं झाड?" गेली काही वर्षं मी तीच तीच उत्तरं देतो आहे. ती एकदा नीट लिहून काढावीत, म्हणून हे पान. मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही. रत्नागिरीजवळच्या खेड्यात आगर सांभाळतो. माझं पहिलं रोप उर्वशीचं निघालंच नाही, दुसरं मेलं आणि तिसरं जगलं. पुढची उत्तरं त्या तिन्ही झाडांनी शिकवलेली आहेत.

उर्वशी म्हणजे नेमकं कोणतं झाड?

शास्त्रीय नाव आमहर्स्टिया नोबिलिस. शेंगा धरणाऱ्या झाडांच्या मोठ्या कुळातलं. या प्रजातीत हे एकच झाड आहे, सख्खं भावंड कुणी नाही. चुलत नातं मात्र आपल्या ओळखीचं आहे, ते म्हणजे सीतेचा अशोक. (सोसायट्यांच्या कडेला उंच सरळ लावतात तो आसुपालव नव्हे. शेंदरी झुबके येणारा खरा अशोक.)

मध्यम उंचीचं, सदाहरित झाड. चांगल्या जागी दहा-बारा मीटरपर्यंत जातं. एका देठावर समोरासमोर पानोळ्यांच्या सहा-आठ जोड्या, पानोळी वरून हिरवीगार आणि खालून फिकट, पांढुरकी झाक असलेली. फुलं नसतानाही झाड ओळखायला ही खालची बाजू कामाची आहे.

आणि फुलोरा. तो उभा राहत नाही, खाली सोडलेला असतो, झुंबरासारखा. मागच्या वर्षी सुतारकामाचा टेप घेऊन एक तुरा मोजला. ६२ सेंटिमीटर भरला आणि त्यावर २२ फुलं होती. फूल हातात घेतलंत तर आधी दोन मोठी लाल पानं दिसतात. त्या पाकळ्या नव्हेत, कळीला झाकणारी छदं आहेत. त्यांच्या आत चार निदलं, म्हणजे पाकळ्यांबाहेरचं आवरण. ती उघडली की पाकळ्या दिसतात. पाकळ्या खरं तर पाच, पण दोन इतक्या बारीक की शोधाव्या लागतात. मधली सगळ्यात मोठी, टोकाला पंख्यासारखी पसरलेली, आणि तिच्यावर पिवळा डाग, हळदीचं बोट टेकवल्यासारखा. बाजूच्या दोघींच्या टोकांनाही तीच हळद. दहा पुंकेसरांपैकी नऊ तळाशी जोडलेले, एक वेगळा. देठापासून छदांपर्यंत सगळं लाल-गुलाबी असल्यामुळे कळी उमलली नसली तरी तुरा रंगीतच दिसतो.

हे झाड आपल्याकडचं का?

नाही. ते म्यानमारचं, म्हणजे जुन्या ब्रह्मदेशाचं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नथॅनियल वॉलिच १८२७ मध्ये साल्विन नदीच्या काठाने मार्ताबान भागात फिरत होते. पहिलं इंग्रज-ब्रह्मी युद्ध आदल्याच वर्षी संपलं होतं. एका मोडकळीला आलेल्या बौद्ध मठाच्या बागेत त्यांना ही झाडं फुललेली दिसली. जवळच्या गुहांमध्ये बुद्धमूर्तींपुढे हीच फुलं मुठी मुठी वाहिलेली होती. त्या वेळच्या गव्हर्नर जनरलची पत्नी लेडी सारा आमहर्स्ट आणि मुलगी, दोघींनाही वनस्पतींची आवड होती. वॉलिचनी झाडाला त्यांचं नाव दिलं.

ब्रह्मी लोक मात्र याला थोका म्हणत आले. हा शब्द 'अशोक'वरून गेलेला आहे. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. कुठल्या कोण मठातल्या माणसांनी पान, पालवी बघून नातं अचूक ओळखलं होतं.

महत्त्वाची गोष्ट अशी की वॉलिचना ते रानात नव्हे, मठाच्या बागेत मिळालं. त्यानंतरही निखळ जंगलात ते फार मोजक्या वेळा सापडलं आहे. म्हणजे माणसांनी लावलं, पाणी घातलं, राखलं, म्हणून ते उरलं. माझ्या दृष्टीने ते परसात लावण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

अशोकवनात सीता ज्या झाडाखाली बसली ती शिंशपा म्हणजे हेच का?

हा प्रश्न केरळात राहून आलेल्या माणसांकडून हमखास येतो, कारण तिकडे उर्वशीला शिंशपा म्हणायची पद्धत आहे. रामायणात हनुमान ज्या झाडावर लपला ते शिंशपा हे बरोबर, पण संस्कृतातली शिंशपा म्हणजे सर्वसाधारणपणे शिसम मानतात. उर्वशी भारतातल्या बागांत आली ती वॉलिचच्या फेरीनंतर, एकोणिसाव्या शतकात. श्रद्धेने कुणी शिंशपा म्हणत असेल तर मी वाद घालत नाही, पण विचारलंत तर उत्तर हे.

प्रत्यक्ष झाड कुठे बघता येईल?

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात. ही बाग १८६२ पासूनची. लोक वाघ-पेंग्विन बघायला जातात, पण तिथली झाडं हा खरा ठेवा आहे. हिवाळा सरताना जा. मीही पहिली उर्वशी तिथेच पाहिली. मुलीच्या परीक्षेसाठी मुंबईला गेलो होतो, मध्ये तीन तास मोकळे होते. झाडाखाली पडलेलं एक फूल रुमालात गुंडाळून आणलं. गावी पोचेपर्यंत ते काळवंडलं, पण घरात सगळ्यांना दाखवलं. कलकत्त्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानाचं नाव या झाडाच्या इतिहासाशी जोडलेलं आहेच. श्रीलंकेतल्या पेरादेनिया उद्यानातल्या उर्वशीचीही ख्याती आहे.

लावायच्या आधी एकदा तरी फुललेलं झाड डोळ्यांनी बघून या, असं माझं सांगणं आहे. पुढची पाच-सहा वर्षं नुसतं हिरवं रोप सांभाळायचं असतं. काय येणार आहे ते ठाऊक असलं की हात आखडत नाही.

आमच्या गावी जगेल का?

मी एक साधी खूण सांगतो. तुमच्या आवारात जायफळ जगतं का? जगत असेल तर उर्वशी जगेल. दोघांच्या मागण्या जवळपास सारख्या: दमट हवा, गारठा नको, डोक्यावर विरळ सावली, मुळांशी कायम ओल पण साचलेलं पाणी नाही.

या हिशोबाने कोकणपट्टी आणि गोवा सगळ्यात सोयीचे. मुंबई-ठाण्यातही झाडीच्या आवारात चांगलं येतं. पुण्यात करता येईल, पण एप्रिल-मे मधली कोरडी हवा आणि डिसेंबर-जानेवारीतली थंडी, दोन्हींपासून आडोसा द्यावा लागेल. मराठवाडा-विदर्भातल्या मोकळ्या अंगणात लावू नका, असंच मी सांगतो. मे महिन्यातल्या एका आठवड्याच्या झळांत पानं भाजून निघतात. तिकडच्या माणसांनी हौसेसाठी पळस, बहावा, पांगारा लावावा. ती झाडं त्या मातीची आहेत आणि रूपाने कुठेही कमी नाहीत.

समुद्र अगदी समोर असेल तर खारा वारा थेट लागणार नाही अशी जागा शोधा. घराच्या पूर्वेला, नारळी-पोफळीच्या आत.

रोप घेताना फसवणूक होते म्हणतात. कशी ओळखायची?

होते. माझीच झाली. पहिलं रोप एका रोपवाटिकेतून उर्वशी म्हणून बऱ्यापैकी पैसे मोजून आणलं. चार वर्षं सांभाळलं आणि फुललं तेव्हा खोडालाच लागून लाल फुलांचा गोल गेंद आला. ते ब्राउनिया होतं. झाड सुंदरच, आजही आहे, पण मला हवं ते नव्हतं. विकणाऱ्यालाही बहुधा फरक ठाऊक नसावा.

घोटाळा होतो कारण दोघांची कोवळी पालवी लटकती असते. फरक असा: ब्राउनियाच्या पालवीवर गुलाबी-करड्या रंगाचे ठिपके, चट्टेपट्टे असतात. उर्वशीची पालवी एकरंगी, तांबूस-जांभळट. जून पान उलटून बघा, उर्वशीचं खालून पांढुरकं दिसतं. शंका वाटली तर मूळ झाड दाखवा म्हणा. गुटीचं रोप (म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळ्या फोडून मग कापून घेतलेलं) असेल तर ज्या झाडावर गुटी बांधली ते झाड कुठेतरी असणारच. दाखवायला जो टाळतो त्याच्याकडून घेऊ नका.

आणि पिशवी उचलून बघा. मुळ्या तळातून बाहेर येऊन जमिनीत घुसल्या असतील तर ते रोप उचलताना दुखावलेलं आहे. हातभर उंचीचं, दोन पालव्या फुटून गेलेलं, गच्च पानांचं रोप उत्तम. उंच पण काटकुळं रोप स्वस्तात मिळालं तरी सोडून द्या.

बी लावून होत नाही का?

होतं, पण बी मिळणं कठीण. फुलं भरघोस येतात आणि बहुतेक गळून जातात, शेंग क्वचित धरते. आमच्या झाडाला एवढ्या वर्षांत तीनच शेंगा धरल्या. वाकडी, कोयत्याच्या पात्यासारखी चपटी शेंग, कोवळी असताना तीही तांबडी. आत मोजके चपटे दाणे. मिळालेच तर वाळवून डबीत ठेवू नका, ताजे ताजे पेरा.

गुटी कशी बांधायची?

घरच्या माणसाला जमणारा हाच खात्रीचा मार्ग. छाट कलमं मी दोन वर्षं करून पाहिली, एकही लागलं नाही.

मृग लागल्यावर बांधावी, म्हणजे पुढचे तीन महिने हवेतच ओल असते. पेन्सिलीएवढी किंवा थोडी जाड, निरोगी, सरळ फांदी निवडा. टोकाला कोवळी पालवी लटकत असेल तर ती फांदी सोडा. पालवी हिरवी होऊन ताठ झालेली फांदी घ्या. टोकापासून हात-दीड हात मागे, धारदार चाकूने अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढा. आता खरं काम. साल काढल्यावर आतल्या लाकडावर एक बुळबुळीत पातळ थर राहतो. तो चाकूच्या पाठीने खरवडून काढायचा. बोट फिरवून बघा, लाकूड कोरडं आणि खरखरीत लागलं पाहिजे. तो थर राहिला तर झाड पंधरा दिवसांत साल पुन्हा जोडून टाकतं आणि मुळ्या येतच नाहीत. माझ्या पहिल्या पाचही गुट्या अशाच फुकट गेल्या.

मग वरच्या कडेला, म्हणजे शेंड्याच्या बाजूच्या कडेला, मुळ्या फुटायची पावडर लावा. मुळ्या तिथूनच येतात. भिजवून घट्ट पिळलेलं शेवाळ मुठीएवढं घेऊन जखमेभोवती बसवा, वर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीने करकचून बांधा. आत पावसाचं पाणी शिरलं तर सगळं कुजतं. पारदर्शक प्लॅस्टिक असलं की मुळ्या बाहेरून दिसतात.

आंब्याचिकूच्या मानाने उर्वशी वेळ लावते. अडीच-तीन महिने सहज जातात, कधी जास्त. पांढऱ्या मुळ्या दिसून त्या थोड्या तपकिरी व्हायला लागल्या की फांदी एकदम तोडू नका. गुटीच्या खाली आधी अर्धी चीर द्या, दहा-बारा दिवसांनी पूर्ण कापा. पिशवीत लावल्यावर निम्मी पानं कमी करा आणि महिना-दीड महिना गडद सावलीत, आडोशाला ठेवा. दहा गुट्यांतून चार जगल्या तर मी समाधानी असतो.

जागा आणि खड्डा?

सकाळचं कोवळं ऊन मिळेल, दुपारी बारानंतर सावली असेल अशी जागा. आगरात नारळ-पोफळीच्या मधे मोकळा चौक असेल तर शोधायलाच नको. घराच्या भिंतीपासून चार-पाच मीटर सोडा. मुळ्यांच्या भीतीने नव्हे, फांद्या चहूबाजूंनी पसरून खाली झुकतात म्हणून. फुलोरे लटकायला मोकळी हवा हवी.

खड्ड्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझं दुसरं रोप खड्ड्यानेच मारलं. आमच्याकडे हातभर मातीखाली जांभा लागतो. गड्याने पहारीने छान चौकोनी खड्डा काढला, मी शेणखत, लाल माती, पालापाचोळा भरला आणि रोप लावलं. पहिल्या पावसात टवटवीत होतं. श्रावणात पानं मलूल झाली. मला वाटलं नवी पालवी आहे. भाद्रपदात रोप हलवून बघितलं तर उपटूनच हातात आलं, मुळ्या काळ्या पडून वास मारत होत्या. जांभ्यात काढलेला खड्डा म्हणजे दगडी डोणी. पाणी आत जातं, बाहेर जायला वाटच नाही.

तेव्हा जांभ्याच्या जमिनीत खड्डा काढलात की आधी दोन कळश्या पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच असेल तर उताराच्या बाजूने चर काढून वाट करून द्या. ते जमत नसेल तर खड्डाच करू नका. जमिनीवर गडगा रचून हातभर उंच, दीड-दोन मीटर रुंद वरंबा करा आणि त्यात लावा. माझं तिसरं, जगलेलं झाड असंच वरंब्यावर आहे.

माती भुसभुशीत, किंचित आम्ल असावी. लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि झाडाखालची काळी पानमाती समसमान. ओलं शेण चुकूनही नको. घाटावरच्या काळ्या चुनखडीच्या मातीत लावणारच असाल तर निदान मीटरभर खोलीची माती बदलून घ्या.

लावायची कधी?

जूनच्या मध्यापासून जुलैअखेर. दिवाळीत लावलेल्या रोपाला मुळं धरायच्या आत उन्हाळा गाठतो.

पहिल्या तीन वर्षांत काय काय सांभाळायचं?

सावली, ओल, आणि धीर.

गणपती झाले की पाऊस ओसरतो आणि ऑक्टोबरची काहिली सुरू होते. माणसं मे महिन्याला घाबरतात, पण माझ्या अनुभवात रोपं ऑक्टोबरमध्येच जास्त दगावतात, कारण नुकताच पाऊस गेलेला असतो आणि आपण निर्धास्त असतो. नवरात्राच्या आत चार मेढी रोवून वर नारळाच्या झावळ्यांचे झाप टाका. पश्चिमेकडून एक झाप उभा बांधा. पुढच्या जूनपर्यंत तो मांडव काढायचा नाही. तीन वर्षं असंच.

पाणी रोज थोडं थोडं शिंपडून उपयोग नाही. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांनी, उन्हाळ्यात दिवसाआड, आळं भरून. मातीत दोन पेरं बोट घालून बघा, ओल लागली तर पाणी राखून ठेवा. आळ्यात नारळाची सोडणं पालथी मांडा आणि वर वीतभर पालापाचोळा पसरा. खोडाला मात्र चिकटू देऊ नका, चार बोटं मोकळी ठेवा. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी पानांवर पाण्याचा फवारा मारला तर रोप स्पष्ट खूश होतं.

धीर यासाठी की झाड सावकाश वाढतं. वर्षात दोन-तीन वेळा पालवी फुटते, मधल्या महिन्यांत काहीच घडत नाही. त्या काळात माणूस घाबरून खत टाकतो, जागा बदलतो, खोडावर नख मारून हिरवं आहे का बघतो. यातलं काहीही करू नका.

नवी पानं एकदम मरगळून लोंबायला लागली. रोप मेलं का?

अजिबात नाही! सगळ्यात जास्त फोन याचेच येतात. उर्वशीची पालवी अशीच जन्मते. आधी फांदीच्या टोकाला लांबट, टोकदार कोंब दिसतो, तो एका रात्रीत उकलल्यासारखा सुटतो आणि पानं सरळ खाली लोंबतात. रंग तांबूस-जांभळट, तांब्याचं भांडं काळं पडायच्या आधी असतं तसा. हातात घेतली तर धुऊन पिळलेल्या मऊ वस्त्रासारखी लागतात, ताठा म्हणून नसतो. मग रंग तांबडा, पोपटी, हिरवा असा बदलत जातो आणि पानं एकेक करून उचलली जातात. दोन-तीन आठवडे लागतात.

पाण्याविना सुकलेलं पान आणि ही पालवी यांतला फरक सोपा आहे. लोंबणारी पानं तांबूस आणि मऊ असतील तर आनंद माना. जून हिरवी पानं लोंबत असतील तर आळ्यात हात घालून बघा, पाणी कमी तरी झालंय नाहीतर साचलं तरी आहे.

पानांच्या कडा करपतात. आणि कोवळी पानं पिवळी पडली तर?

कडा करपणं म्हणजे कोरडा वारा, थेट ऊन किंवा क्षारांचं पाणी. आडोसा वाढवा. बोअरचं पाणी जड असेल तर विहिरीचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर लोह मिळत नाहीये. चुनखडीच्या मातीत हे फार होतं. चिलेटेड लोहाची फवारणी करा, पण खरा उपाय आळ्यात पानमाती वाढवत नेणं हाच.

कीड-रोग?

फारसा त्रास नाही. कोवळ्या पालवीवर पिठ्या ढेकूण आणि मावा येतो, मुंग्या चढताना दिसल्या की समजा. साबणाच्या पाण्यात निंबोळी तेल घालून संध्याकाळी फवारा. आमच्याकडे वाळवी सुक्या फांदीच्या ठुठातून शिरते, म्हणून कापलेली जागा सपाट ठेवून गेरू किंवा बोर्डो पेस्ट लावतो. गुरं आणि माकडं हा वेगळा विषय. माकडांनी आमच्या दोन वर्षांच्या रोपाचा शेंडा मोडला होता. त्यातून खालून तीन फांद्या फुटल्या आणि झाड बसकं, भरदार झालं.

खत?

मोठ्या झाडाला जूनमध्ये दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि पाऊस ओसरताना एक. रोपाला याच्या पाव. मी रासायनिक खत घातलेलं नाही, गरजही वाटली नाही.

फुलं किती वर्षांनी येतात? आणि कधी?

गुटीच्या रोपाला चार ते सात वर्षं धरून चाला. बियांचं असेल तर त्याहून जास्त. आमचं सहाव्या वर्षी फुललं. एकच तुरा, तोही आतल्या फांदीवर, पानांआड. बायकोने केर काढताना खाली पडलेली लाल छदं बघितली, म्हणून कळलं. दुसऱ्या वर्षी सात तुरे आले. आता मोजत नाही.

आमच्याकडे जानेवारीपासून मार्चपर्यंत मुख्य बहर, नंतर एखाददुसरा तुरा चुकार येतो. फुलं तुऱ्याच्या देठाकडून टोकाकडे उमलत जातात, एकेक फूल दोन-तीन दिवस टिकतं. सकाळी सातला झाडाखाली उभं राहिलात तर शिंजीर दिसेलच. लटकत्या तुऱ्याला उलटा लोंबकळून तो मध घेतो आणि तुरा घड्याळाच्या लंबकासारखा हलत राहतो.

सात वर्षं झाली तरी फुललं नाही. काय चुकलं?

बहुतेक वेळा दोनपैकी एक. एक, सावली फार गडद झाली. रोप लहान असताना जी सावली अमृत होती, तीच मोठ्या झाडाला अडवते. पाचव्या वर्षानंतर भोवतालच्या फांद्या विरळ करा, सकाळचं तीन-चार तास ऊन मिळू द्या. दोन, दरवर्षी छाटणी. तुरे फांद्यांच्या टोकांकडून येतात. पाऊस संपल्यावर गोल आकार देण्यासाठी कात्री चालवलीत तर येणारी फुलं कापून टाकता. बहर संपल्यावर, एप्रिलच्या सुमारास, फक्त सुकलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. जमिनीकडे झुकलेल्या फांद्या तशाच राहू द्या, फुलं बघायला त्याच हाताशी येतात.

इंग्लंडमधली गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. डेव्हनशायरच्या ड्यूकने इतर वनस्पतींबरोबर खास हे झाड मिळवण्यासाठी जॉन गिब्सन नावाच्या आपल्या तरुण माळ्याला भारतात पाठवलं आणि १८३७ मध्ये ते चॅट्सवर्थच्या काचघरात पोचलं. पण त्या देशातला पहिला फुलोरा ड्यूककडे आलाच नाही. तो आला १८४९ मध्ये, लंडनजवळच्या ईलिंग पार्कमध्ये, लुइसा लॉरेन्स या बाईंच्या बागेत. पहिला तुरा त्यांनी व्हिक्टोरिया राणीला पाठवला.

कुंडीत होईल का? आम्ही फ्लॅटमध्ये राहतो.

मोठ्या ड्रममध्ये, सावलीच्या गच्चीवर जगेल, पालवीही दाखवेल. फुलांची हमी देत नाही. त्यापेक्षा सोसायटीच्या आवारात पूर्वेकडचा एक कोपरा मागून घ्या आणि तिथे लावा. चार घरांची माणसं पाणी घालतील आणि झाडाला तुमच्या बदलीची झळ लागणार नाही.

मुलगा परदेशात असतो, तिकडे लावता येईल?

सिंगापूर, मलेशियासारख्या उष्ण-दमट ठिकाणी अंगणातसुद्धा येईल. थंडीच्या देशात फक्त तापवलेल्या काचघरात. इथून रोप किंवा बी बॅगेत टाकून नेऊ नका. त्याला परवाने लागतात. तिकडच्याच परवानाधारक रोपवाटिकेतून घ्यावं.

फुलं देवाला चालतात का?

आमच्या घरी चालतात. तुरा तोडत नाही. पहाटे खाली पडलेली ताजी फुलं केळीच्या पानावर गोळा करून आई देव्हाऱ्यात ठेवते. पडलेलं फूल कसं वाहायचं, असं शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "प्राजक्ताचं नाही का वाहत?" साल्विनकाठच्या गुहांतल्या मुठी मुठी फुलांबद्दल मी तिला वाचून दाखवलं, तेव्हापासून ती एक फूल उंबऱ्यावरही ठेवते.

तुमच्या झाडाची गुटी मिळेल का?

मिळेल. दरवर्षी मृगात आठ-दहा बांधतो, त्यातल्या जगतील तेवढ्या पुढच्या जूनमध्ये देतो. पैसे घेत नाही. वहीत नाव लिहून ठेवतो आणि क्रमाने बोलावतो. पण देण्याआधी एक प्रश्न विचारतो, रागावू नका: ऑक्टोबरमध्ये मांडव कुठे घालणार? जागा ठरलेली असेल आणि तिथे पाणी ओतून बघितलं असेल, तर या. येताना एक रुंद टोपली आणा. मोटारसायकलवर पिशवी मांडीत धरून नेली की वाऱ्याने पालवी फाटते.

आणि तुमचं झाड फुललं की दोन वर्षांनी त्यावर गुटी बांधून पुढच्या माणसाला द्यायची, एवढं वहीत तुमच्या हाताने लिहून घेतो. आतापर्यंत अकरा नावं लिहिलेली आहेत. त्यातलं चौथं झाड, सावंतवाडीकडचं, यंदा पहिल्यांदा फुललं. फोटो आला आहे. तुरा अजून आखूड आहे, तेरा-चौदा फुलांचा.